नाखुदा : एका दुर्मिळ आडनावाची हकिकत

कोकणपट्टीतील एखाद्या शाळेचा हजेरीपट उघडून पाहावा. शेख, खान, सय्यद, पठाण ही नावे तर जागोजागी आढळतातच. त्यांच्या जोडीला काझी, खतीब, मुकादम, परकार, देशमुख, खोत अशी आपल्या भागातली ओळखीची आडनावेही दिसतात. या गर्दीत क्वचित एखादे आडनाव असे येते की नवीन शिक्षक हजेरी घेताना क्षणभर थांबतात. ‘नाखुदा’ हे त्यांपैकी एक. कोठे ते ‘नाखवा’ असे लिहिलेले असते, तर कोठे ‘नाखोदा’.

हे आडनाव ज्यांचे आहे त्यांना त्याचा थोडाफार त्रासही होतो. ऐकणारा ते ‘ना’ आणि ‘खुदा’ असे तोडून ऐकतो आणि अर्थ लावतो, ‘खुदाला न मानणारा’. वर्गातील मुले यावरून थट्टा करतात. दीनदार घरातल्या मुलाला अशा थट्टेचे किती वाईट वाटत असेल, हे सांगायला नको. मग हे आडनाव बदलून सरळ शेख किंवा खान लावावे, असा विचार एखाद्या पालकाच्या मनात आला तर नवल नाही. सरकारी गॅझेटमध्ये नावबदल छापून घेणे काही फारसे अवघड काम नाही.

परंतु जे टाकून द्यायचे ते काय आहे, हे आधी नीट जाणून घेतले पाहिजे. नाखुदा या आडनावामागे किमान एक हजार वर्षांचा इतिहास आहे. तो अरबस्तान, इराण, गुजरात, कोकण, मलबार, आफ्रिका आणि थेट मलाया-ब्रुनेईपर्यंत पसरलेला आहे. हे आडनाव दुर्मिळ का झाले, याचे कारणही त्या इतिहासातच सापडते. पालकांनी आणि विशेषतः विद्यार्थ्यांनी हा इतिहास समजून घ्यावा, एवढ्यासाठी हा लेख.

शब्दाचा खरा अर्थ

‘नाखुदा’ हा शब्द फारसी आहे. त्याचे मूळ रूप ‘नावखुदा’. त्यातला पहिला भाग ‘ना’ हा नकार नाही. तो ‘नाव’ म्हणजे होडी, जहाज या शब्दाचा झिजलेला अवशेष आहे. हा ‘नाव’ शब्द मराठी माणसाला परका वाटण्याचे कारण नाही. संस्कृतातील ‘नौ’, आपल्या बोलण्यातील ‘नाव’ आणि ‘नावाडी’, लॅटिनमधील ‘नाविस’ आणि त्यावरून आलेला इंग्रजी ‘नेव्ही’ हे सारे एकाच कुळातील शब्द आहेत.

दुसरा भाग ‘खुदा’. फारसीत या शब्दाचा जुना अर्थ ‘धनी, मालक’ असा आहे. साऱ्या सृष्टीचा मालक तो परवरदिगार, म्हणून त्याच्यासाठी हा शब्द रूढ झाला. परंतु जोडशब्दांत जुना अर्थ तसाच टिकून राहिला. घराच्या किंवा गावाच्या कारभाऱ्याला फारसीत ‘कदखुदा’ म्हणतात. इराणचे थोर कोशकार अली अकबर देहखुदा (१८७९–१९५६) यांचे आडनाव पाहा. ‘देह’ म्हणजे गाव आणि ‘देहखुदा’ म्हणजे गावाचा धनी. ज्यांनी फारसी भाषेचा सर्वांत मोठा शब्दकोश रचला, त्यांनाही आपल्या आडनावात काही गैर वाटले नाही. मराठीत आपण धन्याला ‘खाविंद’ म्हणतो, तोही याच घराण्यातला शब्द.

तेव्हा नाखुदा म्हणजे जहाजाचा धनी. उर्दू शायरांनी ‘खुदा’ आणि ‘नाखुदा’ या जोडीवर पुष्कळ शब्दखेळ केले आहेत. तुफानात सापडलेल्या किश्तीला कोणी तारायचे, नाखुदाने की खुदाने, हा त्यांचा आवडता विषय. त्या शब्दखेळात गंमत आहे ती शायराला आणि श्रोत्याला खरा अर्थ ठाऊक असतो म्हणून. ज्यांना तो ठाऊक नाही त्यांनी थट्टा केली, तर चूक शब्दाची नव्हे.

जहाजावर नाखुदाचे स्थान

अकबर बादशहाच्या कारकिर्दीत अबुल फज्लने ‘आईन-ए-अकबरी’ हा ग्रंथ लिहिला. मोठ्या जहाजावर कोणकोणती माणसे असतात याची यादी त्याने दिली आहे. त्यात बारा वर्ग आहेत आणि सर्वांत पहिला नाखुदा. जहाज कोठे न्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्याचा.

त्याच्या खालोखाल मुअल्लिम. हा समुद्राची खोली, उथळ जागा आणि ताऱ्यांचे ज्ञान यांच्या आधारे जहाजाला वाट दाखवीत असे. मुअल्लिम या अरबी शब्दाचा मूळ अर्थ ‘शिक्षक’. शाळेत शिकवणारा मुअल्लिम आणि समुद्रात वाट दाखवणारा मुअल्लिम यांना एकच शब्द असावा, ही गोष्ट शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. आपल्या खलाशांनी या शब्दाचा ‘मालीम’ केला.

तिसरा तांडेल, म्हणजे खलाशांचा मुख्य. पुढे जहाज धक्क्याला लावणे आणि सोडणे पाहणारा सरहंग, कोठाराचा भंडारी, हिशेब लिहिणारा कराणी, सुकाणू धरणारा, डोलकाठीवर चढून टेहळणी करणारा, आत आलेले पाणी उपसणारे, गोलंदाज आणि शेवटी शिडे चढवणारे-उतरवणारे खारवे. यातले किती शब्द आपल्या किनाऱ्यावर आजही जिवंत आहेत पाहा. तांडेल हे आडनाव कोकणात सर्वपरिचित आहे. सरहंगचा ‘सारंग’ झाला. शिवाजी महाराजांच्या आरमारात मायनाक भंडारी यांच्या बरोबरीने ज्या मुसलमान अधिकाऱ्याचे नाव बखरीत येते, तो ‘दर्यासारंग’ या किताबानेच ओळखला जातो. ‘सुकाणू’ हा शब्दही अरबी ‘सुक्कान’वरून आलेला आहे. पावसाळी वाऱ्यांना आपण मोसमी वारे म्हणतो, तो ‘मोसम’ही अरबी दर्यावर्दींचीच देणगी.

नाखुदा कधी जहाजाचा मालक असे, कधी मालकाने नेमलेला त्याचा मुखत्यार असे, तर कधी मालक, व्यापारी आणि कप्तान हे तिन्ही एकाच व्यक्तीत असत. जहाजावरील माल, उतारू, पत्रे, हुंड्या, बंदरातील जकात आणि माणसांचे प्राण या सर्वांची जबाबदारी अखेर त्याच्यावर. परक्या बंदरात तो उतरला म्हणजे तेथील राजा किंवा सुभेदार त्याच्याशी बोलणी करी. नाखुदा हा मान होता, आणि मानापेक्षाही मोठी जोखीम होती.

कष्टाने मिळणारे पद

विद्यार्थी मित्रांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नाखुदाचे पद जन्माने मिळत नसे.

दहाव्या शतकात इराणमधील रामहुर्मुझ येथील बुजुर्ग बिन शहरियार नावाचा नाखुदा होऊन गेला. सीराफ बंदरातील दर्यावर्दींकडून ऐकलेल्या हकिकती त्याने ‘अजायब-उल-हिंद’ या अरबी ग्रंथात गोळा केल्या. त्यात अबहारा नावाच्या एका माणसाची हकिकत आहे. हा किरमानचा राहणारा. प्रथम तो मेंढ्या राखत होता. नंतर मासेमारी करू लागला. पुढे हिंदुस्थानकडे जाणाऱ्या जहाजावर खलाशी झाला, मग चीनकडे जाणाऱ्या जहाजावर चढला आणि शेवटी स्वतः जहाजाचा नायक झाला. त्या काळात चीनची वाट अत्यंत धोक्याची मानली जाई. एकदा जाऊन सुखरूप परत आलेल्याचेही लोक कौतुक करीत. अबहाराने ती वाट सात वेळा केली.

मेंढपाळाचा मुलगा चीनच्या जहाजाचा नायक होतो, हे त्या काळी शक्य होते, कारण समुद्र कोणाच्या घराण्याकडे पाहत नाही. ज्याला वारा, पाणी, तारे आणि माणसे यांची पारख असे, त्याच्याच हाती जहाज सोपवले जाई. म्हणून नाखुदा हे जातीचे नाव कधीच नव्हते. ते कर्तबगारीवर मिळणारे पद होते.

ते एका धर्माचेही नव्हते. कैरोच्या जुन्या यहुदी प्रार्थनामंदिरात मध्ययुगीन कागदपत्रांचा मोठा साठा सापडला. त्यात १२ व्या शतकातील महरूज या एडनच्या नाखुदाचे पत्र आहे. तो यहुदी होता. त्याचा मेहुणा चाच्यांच्या तावडीत सापडला तेव्हा त्याने मंगळूरहून पत्र लिहून त्याला धीर दिला आणि मदत देऊ केली. आपल्या कोळीबांधवांत तर ‘नाखवा’ हा शब्द इतका मुरला आहे की तो बाहेरून आला असेल अशी शंकाही कोणाला येत नाही. कोळीगीतांतला नाखवा आणि फारसी ग्रंथांतला नाखुदा हे एकच. ‘नाखुदा’तला ‘द’ बोलता बोलता गळाला, ‘नाखुआ’ झाले आणि त्याचे ‘नाखवा’ झाले. म्हणून नाखवा हे आडनाव मुंबई-ठाण्याच्या कोळीवाड्यांतील हिंदू घरांतही आहे आणि कोकणी मुसलमानांतही आहे. एकाच धंद्याने दोन्ही समाजांना दिलेले हे नाव आहे.

दगडावर कोरलेला पुरावा

आपल्या देशातील नाखुदांचा सर्वांत बोलका पुरावा सौराष्ट्रात सोमनाथजवळ वेरावळ येथे आहे. तेथे इ. स. १२६४ चा एक लेख दोन भाषांत मिळतो, एक संस्कृत आणि दुसरा अरबी. होर्मुझचा नाखुदा नूरुद्दीन फिरोज याने सोमनाथ पट्टणाबाहेर जमीन विकत घेऊन तेथे मशीद बांधली, त्याची ही नोंद. त्या वेळी गुजरातेत वाघेला वंशातील अर्जुनदेव राज्य करीत होता. या कामी नूरुद्दीनला स्थानिक हिंदू पुढाऱ्यांचे साहाय्य मिळाले, हे लेखातच म्हटले आहे. संस्कृत लेखात काल चार शकांत दिला आहे : हिजरी ६६२, विक्रम संवत १३२०, वलभी संवत ९४५ आणि सिंह संवत १५१. चार परंपरांचे लोक एका व्यवहाराचे साक्षी होते, हेच त्यावरून दिसते.

या लेखातील एक बारकावा आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. संस्कृत लिहिणाऱ्याने नाखुदा हा शब्द संस्कृतात जसाच्या तसा घेतला आणि तो ‘नाखु’ असा संक्षेपाने लिहिला. आज आपण डॉक्टरऐवजी ‘डॉ.’ लिहितो, तसेच हे. जो शब्द सर्वांना ठाऊक असतो त्याचाच संक्षेप केला जातो. म्हणजे १३ व्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर नाखुदा हा शब्द इतका परिचित होता. याच अर्थी ‘नौवित्तक’, म्हणजे जहाज हीच ज्याची दौलत, असा संस्कृत शब्दही त्या काळी वापरात होता. मशिदीच्या दिवाबत्तीचा, पाण्याचा आणि मुअज्जिनाचा खर्च कसा भागवावा हे सांगून, उरलेली रक्कम मक्का व मदिना येथे पाठवावी अशी तरतूद लेखात आहे. देखरेख करणाऱ्या जमातींत नाखुदा व खलाशांची जमात होती. नाखुदा दिसायला एकटा असला तरी त्याच्यामागे जमात उभी होती, हे यातून कळते.

पुढे १४ व्या शतकात इब्न बतूता मलबारात आला, तेव्हा कालिकतमधील मिस्काल या नाखुदाच्या वैभवाचे त्याने वर्णन केले. त्याची जहाजे चीन, येमेन आणि फारसपर्यंत जात. कोळिकोडची मिश्काल मशीद त्याच्याच नावाने ओळखली जाते. १५१० साली पोर्तुगिजांनी ती जाळली. तिचे जुने लाकूडकाम आजही जळाल्याच्या खुणा दाखवते. मशीद मात्र उभी आहे.

कोकणचे बंदर, कोकणचे नाखुदा

आपल्या कोकणाचा या समुद्राशी संबंध त्याहूनही जुना. अरब प्रवासी अल-मसऊदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास चौल बंदरी आला होता. अरबांच्या तोंडी चौलचे नाव ‘सैमूर’. त्या वेळी तेथे शिलाहार राजा झंझ राज्य करीत होता. चौलमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असे मसऊदीने लिहिले आहे. त्यांत सीराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेले होते आणि याच मातीत जन्मलेलेही होते. त्यांच्या कारभारासाठी राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता.

चौल, दाभोळ, राजापूर, बाणकोट ही बंदरे पुढे शतकानुशतके गजबजत राहिली. दाभोळहून अरबस्तानाकडे माल आणि हाजी जात. सन १५०८ च्या अखेरीस पोर्तुगिजांनी दाभोळ जाळले, पण दाभोळ पुन्हा उभे राहिले. पोर्तुगिजांनी समुद्रावर परवान्याची पद्धत लादली. या परवान्याला ‘कार्ताझ’ म्हणत. त्यात जहाजाचा आकार, माणसे, हत्यारे, जायचे बंदर आणि नाखुदाचे नाव लिहिलेले असे. परवाना नसला तर जहाज जप्त. म्हणजे नाखुदाचे नाव कागदावर चढले ते काही केवळ मानापोटी नव्हे. काही बिघडले तर कोणाला धरायचे, हे त्यामुळे ठरत असे.

मुंबई वाढली तसे कोकणी मुसलमानांचे जहाजधनी मुंबईत आले. चीनच्या व्यापारात नाव कमावणारे जमशेटजी जिजीभॉय यांच्या सहकाऱ्यांत मोतीचंद अमीचंद हे जैन, मिगेल डी फारिया हे गोमंतकीय ख्रिस्ती आणि महंमद अली रोघे हे कोकणी मुसलमान होते. पुढे १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम ही संस्था स्थापन झाली. बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे बंधू कमरुद्दीन आणि मुन्शी गुलाम महंमद यांच्या बरोबरीने त्या कार्यात रोघे घराण्यातील नाखुदा महंमद अली रोघे हेही होते. आधुनिक शिक्षणासाठी समाजाला हाक देणाऱ्यांत एक नाखुदा असावा, ही आपणा सर्वांना अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे.

आडनाव दुर्मिळ का?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. हजार वर्षे चाललेला आणि सर्वांना ठाऊक असलेला हा शब्द आडनाव म्हणून इतका थोडा का?

पहिले कारण सरळ गणिताचे आहे. जहाजावर माणसे पुष्कळ, पण नाखुदा एकच. गावात कापड विणणारे किंवा शेती करणारे शेकड्यांनी असत. नाखुदा बोटांवर मोजण्याइतके.

दुसरे कारण, हे पद होते, वंशाचे नाव नव्हते. नाखुदाला चार मुलगे असले तर चौघेही नाखुदा होत नसत. एक समुद्रावर जाई, एक दुकान सांभाळी, एक शेती पाही. पद एकाकडे जाई किंवा कोणाकडेच जात नसे.

तिसरे कारण रोघे यांच्या नावातच दिसते. ‘नाखुदा महंमद अली रोघे’ या नावात नाखुदा हा शब्द आरंभी आहे, जसे हाजी किंवा काझी लिहितात तसा. आडनाव वेगळेच आहे. जुन्या मराठी कागदांत मुसलमानाचे नाव ‘अमुक वलद तमुक’ असे लिहीत. आडनावाचा रकाना असा नसेच. इंग्रजी अमलात शाळा, कचेऱ्या आणि मोजणीचे कागद आले, आणि त्यांबरोबर आडनावाचा रकाना आला. ज्या घराण्यांना आधीच दुसरे आडनाव होते, त्यांनी ते रकान्यात लिहिले आणि नाखुदा हा किताब गळून गेला. ज्या घराला गाव केवळ ‘नाखुदाचे घर’ म्हणूनच ओळखत होते, त्यांच्याच रकान्यात तो राहिला. म्हणून नाखुदांची मुले-नातवंडे आज कितीतरी वेगवेगळ्या आडनावांनी वावरत असतील.

चौथे कारण आगबोट. १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला आणि वाफेच्या जहाजांचे युग पक्के झाले. शिडाच्या जहाजाचा धनी मागे पडला. आगबोटीवर कप्तान असे, तो गोरा. आपले लोक त्याच जहाजांवर खलाशी, सारंग, भंडारी म्हणून चढले. नवे नाखुदा निर्माण होणे थांबले, तेव्हा हे आडनाव पडणेही थांबले. त्याआधी ज्यांना ते मिळाले, त्यांच्याच वंशात ते उरले.

पाचवे कारण म्हणजे लिहिण्याची तऱ्हा. नाखुदा, नाखोदा, नाखवा, नाखवे ही एकाच शब्दाची रूपे. इंग्रजीत तर आणखी फाटे फुटतात. एका भावाच्या पासपोर्टवर शेवटी ‘यूडीए’, दुसऱ्याच्या ‘ओडीए’, तिसऱ्याच्या ‘डब्ल्यूए’. यादी करणारा त्यांना वेगवेगळी आडनावे समजतो आणि मुळात थोडे असलेले आडनाव आणखी थोडे दिसते.

आज ते कोठे आढळते?

आपल्या जनगणनेच्या अहवालांत भाषा, धर्म, शिक्षण, धंदा यांचे तक्ते असतात. आडनावांचा तक्ता नसतो. तेव्हा नाखुदांचा माग काढायचा तो बंदरांवरून. जेथे जेथे शिडाची जहाजे लागत, तेथे तेथे हे नाव कोणत्या ना कोणत्या रूपात आढळते, आणि किनाऱ्यापासून आत शिरावे तसे ते विरळ होत जाते. आपल्याकडे ते रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि मुंबईत आहे. गुजरातेत सुरतेच्या बाजूला आहे. मुंबईत पायधुणीच्या परिसरात एका रस्त्यालाही नाखुदाचेच नाव आहे.

देशाच्या दुसऱ्या टोकाला कलकत्त्याची नाखुदा मशीद प्रसिद्धच आहे. कच्छी मेमन जमातीने ती बांधली, आणि जहाजांच्या धंद्यातले अब्दुर रहीम उस्मान यांनी त्यात पुढाकार घेतला. सिकंदरा येथील अकबराच्या मकबऱ्याच्या धर्तीवर या मशिदीची पायाभरणी १९२६ साली झाली. तेथे नाखुदा हे कोणाचे आडनाव नव्हे, बांधणाऱ्यांच्या धंद्याची ती ओळख आहे.

परदेशात पाहिले तर दक्षिण आफ्रिकेतील भारतीय मुसलमानांत हे आडनाव आढळते. पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेत शब्दाचे रूप ‘नाहोधा’ असे झाले आहे. जंगबारचे शम्सी वुआई नाहोधा २००० ते २०१० या काळात तेथील मुख्यमंत्री होते. मलाय भाषेत ‘नाखोदा’ म्हणजे कप्तान. ब्रुनेईचे पाचवे सुलतान बोल्किया हे १४८५ पासून १५२४ पर्यंत गादीवर होते. त्यांना प्रजा ‘नाखोदा रागम’, म्हणजे गाणारा नाखुदा म्हणत असे. इराणच्या आरमारात ‘नाखुदा’ हा आजही अधिकाऱ्याचा हुद्दा आहे. कुवेतमध्ये तर शिडाची जहाजे फार उशिरापर्यंत चालू होती. ॲलन व्हिलियर्स हा ऑस्ट्रेलियन दर्यावर्दी १९३८-३९ मध्ये कुवेतच्या एका जहाजातून आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत गेला. त्या जहाजाच्या नाखुदाचे कौशल्य त्याने आपल्या पुस्तकात मोठ्या आदराने वर्णिले आहे.

एका टोकाला ब्रुनेईचा सुलतान, दुसऱ्या टोकाला जंगबारचा मुख्यमंत्री, आणि मध्ये आपल्या शाळेच्या हजेरीपटावरचा एखादा विद्यार्थी. तिघांनाही जोडणारा शब्द एकच.

आपण काय करावे?

ज्यांचे आडनाव नाखुदा किंवा नाखवा आहे, त्या पालकांना नम्रपणे सांगावेसे वाटते की, थट्टेला कंटाळून ते टाकू नये. त्याचा अर्थ मुलाला समजावून सांगावा. अर्थ ठाऊक असलेले मूल वर्गात उभे राहून उत्तर देऊ शकते, आणि एकदा उत्तर मिळाले की थट्टा आपोआप थांबते. शिक्षकांनीही अशा वेळी मुलाच्या बाजूने दोन शब्द बोलावेत. फळ्यावर ‘नाव अधिक खुदा’ असे लिहून दाखवले तर साऱ्या वर्गाला एक चांगला धडा मिळेल.

दुसरी गोष्ट व्यवहाराची. आडनाव एकाच पद्धतीने लिहावे. शाळेत नाव घालताना जनरल रजिस्टरमध्ये जे लिहिले जाते, तेच पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येते, आणि तेथून ते पासपोर्ट व नोकरीच्या कागदांपर्यंत जाते. भावाभावांची आडनावे वेगळ्या तऱ्हेने लिहिली गेली, तर वारसाच्या कामात आणि परदेशी जाताना किती फेऱ्या माराव्या लागतात, हे आखाती देशांत नोकरीला गेलेल्या कोणालाही विचारावे. प्रवेशाच्या दिवशी पाच मिनिटे अधिक देऊन मराठी व इंग्रजी दोन्ही रूपे तपासून घ्यावीत.

तिसरी गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. आपल्या आडनावाचा इतिहास आपणच लिहावा. तो दुसरा कोणी येऊन लिहिणार नाही. आजोबा-आजींना, नाना-नानींना विचारावे : आपल्या घराण्यात गलबत होते का? ते कोणत्या बंदरातले? कोणता माल नेत? घरात जुना निकाहनामा, जमीनखरेदीचा कागद, जहाजाच्या हिशेबाची वही आहे का? जमातीच्या दफ्तरातील निकाहाची नोंद, कबरीवरील दगड, शाळेचे जुने रजिस्टर हीसुद्धा इतिहासाची साधनेच आहेत. मिळालेली माहिती तारखेसह वहीत उतरवावी आणि ज्याने सांगितली त्याचे नावही लिहावे. वाळवी आणि पावसाळा या दोघांना कागदाची दया येत नाही, आणि सांगणारी माणसेही कायम राहत नाहीत.

हे काम केवळ नाखुदांनीच करावे असे नाही. तांडेल, सारंग, खतीब, मुकादम, परकार या प्रत्येक आडनावामागे कोणाचे तरी काम, कोणाचे तरी गाव आणि कोणाचा तरी प्रवास दडलेला आहे. ज्या समाजाला आपल्या नावांचा अर्थ सांगता येत नाही, त्याच्या नावांचा अर्थ इतर लोक आपल्या मनाप्रमाणे लावतात. नाखुदा या शब्दाच्या बाबतीत नेमके हेच घडले.

नाखुदा हे पद मिळवण्यासाठी त्या काळी ज्ञान लागे, हिंमत लागे आणि लोकांचा भरवसा लागे. शिडाची जहाजे गेली, पण या तीन गोष्टींची गरज संपलेली नाही. आज शाळा आणि महाविद्यालय हेच आपल्या मुलांचे बंदर आहे. येथून निघणाऱ्या प्रत्येक मुलाने आणि मुलीने आपल्या कामात तो भरवसा मिळवावा, म्हणजे आडनाव कोणतेही असो, पूर्वजांचा मान राहील.